बारा नंबरचा पेशंट

९ जानेवारी

झिपरे,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी नव्याने काय लिहायचे? फोन कर म्हणतेस, पण फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुझा काका मध्ये बोलून खातो. म्हणून हा कागद.

काल कोर्टात नवव्यांदा तारीख झाली. मी होते, सरकारी वकील होते, जज्जबाई नाक पुसत बसल्या होत्या. नव्हता तो एकटा पांघरूणमंत्री. पुकारा झाला आणि त्याचा वकील उठला. हा वकील इतका गुळगुळीत आहे की त्याच्यावर माशी बसली तर घसरून पडेल. म्हणाला, "माझ्या अशिलांना भोवळ येते, रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांनी हलायला बंदी केलीय." आणि हलायला बंदी असलेला हा माणूस परवा टीव्हीवर एका पुलाची फीत कापत होता. कात्री चालवताना भोवळ येत नसावी. भोवळ फक्त आमच्या कोर्टाच्या पायऱ्यांची येते.

तू तेव्हा शाळेत होतीस आणि तुला अर्धवटच माहीत आहे, म्हणून एकदा नीट सांगते. सात वर्षांपूर्वी हा आरोग्यमंत्री होता. आपल्या गावच्या हॉस्पिटलला नऊशे पांघरुणं आणि चारशे गाद्या दिल्या, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात एक दोरासुद्धा आला नाही. लॉन्ड्रीची मुख्य मी. हॉस्पिटलात जे कापड येईल त्यावर आधी माझ्या हातून नंबर पडायचा, मगच ते वॉर्डात जायचं. तेव्हा आलं की नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून मी साक्षीदार नंबर चार. एक नंबर वारला. दोन नंबरचा, आपला स्टोअरकीपर, त्याचं दोन मजली घर बांधून झालं आणि त्याच आठवड्यात त्याची आठवण गेली. तीन नंबर परदेशात मुलाकडे गेला तो गेलाच. उरले मी, सदुसष्ट वर्षांची, एका गुडघ्याची. आणि आरोपी समोर असल्याशिवाय साक्ष घेत नाहीत. म्हणजे त्याने फक्त माझ्या मरणापर्यंत आजारी राहायचं आहे. सोपं काम आहे, झोपूनच करायचं.

मला त्याला फाशी नको, काही नको. एकदा त्या पिंजऱ्यात उभं राहून, त्याच्या तोंडासमोर, काय झालं ते सांगायचं आहे. तेवढं झालं की मी मोकळी.

एक मात्र बरं झालं. इतके दिवस सर्टिफिकेट त्याच्या मेव्हण्याच्या दवाखान्यातून यायचं. काल जज्जबाई म्हणाल्या, यापुढे खासगी चालणार नाही, सरकारी हॉस्पिटलचं आणा. त्या वकिलाचं तोंड बघायला हवं होतंस. आता बघू म्हणावं. सरकारी हॉस्पिटलात माझ्या झिपरीसारख्या पोरी असतात, तिथे असले चाळे चालत नाहीत.

पुढची तारीख सहा फेब्रुवारी. तुझं काय चाललंय? कुठला वॉर्ड? पेशंटची चादर कशी असते ते लिही, मी इथून रोग सांगते. लहानपणी खेळायचो तसं.

आजी

१६ जानेवारी

प्रिय आजी,

पत्र मिळालं. गुडघ्याला गरम पिशवीचा शेक घे, आणि तेलाने काही होणार नाही हे मी आता पाचव्यांदा सांगतेय.

मला या सोमवारपासून स्पेशल वॉर्डात टाकलंय. दुपारची ड्यूटी. जनरल वॉर्डात एका नर्सकडे बेचाळीस पेशंट होते, इथे एकच. बारा नंबरच्या खोलीत एक बाबा आहेत, वयस्कर, बीपीचा त्रास. मी फक्त दर चार तासांनी बीपी बघून चार्टवर लिहायचं आणि सही करायची. मेट्रनबाई म्हणाल्या, इथे नीट राहिलीस तर मार्चमध्ये तुला कायम करायला सांगते. आजी, दोन वर्षं कंत्राटावर काढलीत मी. कायम झाले तर क्वार्टर मिळेल, मग तुला इकडेच आणीन. काकांचं बोलणं ऐकायला नको.

कोर्टात जायचं आता पुरे कर ना. नऊ वेळा गेलीस. काका म्हणतात तेही अगदीच चूक नाही, या वयात पायऱ्या चढून मिळणार काय?

चादरीचं विचारलंस, तर बारा नंबरची चादर गमतीशीर आहे. मधे सुरकुती नाही, वरच्या बाजूला बिस्किटांचा चुरा, आणि पायाकडे काळे डाग. लॉन्ड्रीवाल्या मावशी म्हणाल्या ते बुटाचं पॉलिश आहे, निघत नाही. उशीला सुगंधी तेलाचा वास. ओळख बघू रोग.

तुझी झिपरी

२४ जानेवारी

झिपरे,

रोग ओळखला. त्या माणसाला काहीही झालेलं नाही.

खरा आजारी माणूस चादरीच्या मध्ये खळगा करतो. घामाचा पिवळा पट्टा पाठीच्या जागी पडतो. रक्तदाबवाला रात्रभर कूस बदलतो, त्याची चादर सकाळी पिळून काढल्यासारखी असते. तुझा बारा नंबर गादीच्या कडेवर बसतो, बूट घालून पाय वर घेतो, बिस्किटं खातो आणि कुणी आलं की आडवा होतो. तीस वर्षं मी माणसांच्या खालचं कापड धुतलंय, पोरी. माणूस डॉक्टरला फसवतो, बायकोला फसवतो, चादरीला नाही फसवू शकत. हा नक्की घरच्यांना चुकवून बसलाय. दोन बायका असतील. दोघींनाही पत्ता देऊ नकोस.

आणि हो, पॉलिशचा डाग रॉकेलने आधी पुसून घ्यायचा, मग साबण. तुझ्या त्या मावशीला सांग, निघत नाही म्हणणारी बाई आळशी.

इकडे एक गंमत झाली. मंगळवारी एक माणूस संत्र्यांची करंडी घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. "आजी, साहेबांना तुमची फार काळजी वाटते. या वयात कोर्टात कशाला दमता? तुम्हीही तब्येतीचा कागद देऊन टाका, आम्ही डॉक्टर पाठवतो." मी म्हटलं, "तुमच्या साहेबाला एवढा आजार आहे, त्यातला थोडा मला कशाला वाटताय?" तो हसला. ही माणसं कशालाही हसतात, तेच मला किळसवाणं वाटतं. मग हळूच म्हणाला, नगरपालिकेत तुमच्या मुलाचं काम बरेच दिवस अडकलंय ना? तुझा काका दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर एकदम दिवा लागला. मी करंडी उचलून रस्त्यात ठेवली. काका ती परत आत घेऊन आला. आता रोज माझ्यासमोर बसून संत्री सोलतो आणि माझ्याकडे बघत नाही.

मार्चमध्ये कायम होणार, हे वाचून बरं वाटलं. पण मला तिकडे आणायच्या गोष्टी करू नकोस. माझी साक्ष इथे आहे.

बारा नंबरवाल्याचं नाव काय ते कळव. दोन बायकावाला माणूस एकदा नावानिशी माहीत असावा.

आजी

२ फेब्रुवारी

प्रिय आजी,

पेशंटची नावं बाहेर सांगायची नसतात, नियम आहे. तू उगाच मनाचं काहीतरी जोडू नकोस. बाबांना खरंच बीपी आहे. चादरीवरून सगळंच कळत नाही.

सोबत लोकरीचे पायमोजे पाठवलेत. कोर्टात बाकावर बसतेस तेव्हा घाल.

एक विचारू? तुला कधी कुणी वरच्याने सांगितलं का, की असं असं लिही, आणि तू लिहिलंस? म्हणजे तुझ्या लॉन्ड्रीच्या कामात. सहजच विचारतेय. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

झिपरी

७ फेब्रुवारी

तुझे पायमोजे घालून काल कोर्टात गेले.

दहावी तारीख. तो नाही आला. गुळगुळीत उठला आणि म्हणाला, "आता सरकारी हॉस्पिटलचा कागद आहे, राजधानीतल्या मोठ्या हॉस्पिटलचा." जज्जबाई म्हणाल्या, नुसता कागद नको, बीपीचा तक्ता वाचा. मग त्याने वाचला. खोली नंबर बारा. दोन वाजता एकशेऐंशी. सहा वाजता एकशेऐंशी. दुसऱ्या दिवशी दोन वाजता एकशेऐंशी, सहा वाजता एकशेऐंशी. असं रोज. घड्याळसुद्धा इतकं एकसारखं चालत नाही. आणि वाचून झाल्यावर म्हणतो, "दुपारच्या नर्सची प्रत्येक ठिकाणी सही आहे."

मी शहाणी, बूट आणि बिस्किटं ओळखली, आणि माणूस ओळखला नाही. जज्जबाईंनी सरकारी हॉस्पिटल म्हटलं त्याच आठवड्यात तुला स्पेशल वॉर्ड मिळाला. ते दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी तुला दोन बायकांचे विनोद लिहीत बसले.

माणसांच्या बोलण्यावर माझा विश्वास कधी नव्हता, पण तुझ्यावर होता. जनरल वॉर्डात एकीकडे बेचाळीस पेशंट आणि त्या बुटवाल्याकडे एक नर्स, तीही माझी. मला कोर्टातून दहाव्यांदा हात हलवत घरी पाठवायला माझंच माणूस लागलं. त्याला बाहेरचं कुणी मिळालं नाही.

जज्जबाईंनी हुकूम दिलाय. पुढची तारीख सात मार्च. त्याआधीचे दहा दिवस जो तक्ता भरला जाईल, तो मूळचा, पानांवर नंबर असलेला, जसाच्या तसा कोर्टात आला पाहिजे. त्यात बरा दिसला तर उचलून आणतील.

तू सही करतेस की नाही, एवढंच लिही. हो किंवा नाही. बाकी काही नको.

१३ फेब्रुवारी

आजी,

हो.

पण तू बाकी नको म्हणालीस तरी मी लिहिणार आहे.

पहिल्या दिवशी मी खरंच बीपी बघितलं. एकशेचोवीस, ऐंशी. मला वाटलं मशीन बिघडलं. दुसऱ्या हाताला लावलं, तेच. मी मोठ्या डॉक्टरांना सांगायला गेले, तर ते फोनवर होते. त्यांनी माझ्याकडे न बघता एक चिठ्ठी पुढे सरकवली. त्यावर दोनच आकडे, एकशेऐंशी आणि एकशेदहा. मेट्रनबाई दारात उभ्या होत्या, त्या मला म्हणाल्या, "अगं, मोठ्या माणसांचं बीपी मशीनमध्ये मावत नाही." आणि हसल्या. मीही हसले. आजी, मी हसले हे मला सगळ्यात जास्त लागलंय.

तेव्हापासून रोज चिठ्ठी चार्टच्या पाठीमागे असते. मी आता मशीन कपाटातून काढतही नाही. खोलीत दिवसभर माणसं. कुणाला तिकीट द्यायचं, कुणाचं कापायचं, सगळं पलंगावर बसून ठरतं. हे महाराज रेशमी गाऊनखाली पँट आणि बूट घालून असतात, कारण कधी खाली गाडीत जाऊन बसावं लागेल सांगता येत नाही. बाहेरून वर्दी आली की आडवे होतात, एक जण चटकन ऑक्सिजनचा मास्क लावतो. एकदा मास्क लावून बिस्किट चावत होते. मला "बाळ" म्हणतात. "बाळ, घरी कोण कोण असतं? आजी आहे? काळजी घे हो तिची. म्हातारी माणसं हट्टी असतात." मी कोण ते त्यांना माहीत नाही, सहजच बोलले. पण मी चार्ट तिथेच ठेवून खोलीबाहेर आले.

तू मला काय वाटेल ते म्हण. पण एक सांगते. मार्चला माझं कंत्राट संपतं. सही नाही केली तर दुसरी करेल, ती रांगेतच उभी आहे. तू तिकडे सरळ आहेस, तुझं सगळं स्वच्छ आहे. तू पाहिलंस आणि तू सांगणार. तुझ्या हातून आयुष्यात असं कधी झालं नाही, म्हणून तुला बोलणं सोपं जातं. वर उभं राहून कुणी कागद पुढे करतं तेव्हा हात कसा आपोआप चालतो ते तुला नाही कळायचं.

झिपरी

१९ फेब्रुवारी

झिपरे,

मला कळतं.

तू दोन तारखेच्या पत्रात विचारलं होतंस त्याचं उत्तर देते. ते मी सात वर्षं कुणाला दिलेलं नाही, तुझ्या काकालाही नाही.

नऊशे पांघरुणं आणि चारशे गाद्या मिळाल्या, या ओळीखाली सही माझी आहे.

स्टोअरकीपर रजिस्टर घेऊन लॉन्ड्रीत आला. माझे हात कोपरापर्यंत साबणात. तो म्हणाला, "मावशी, इथे नाव टाका, गाडी रस्त्यात आहे, दोन दिवसांत माल येईल." सगळ्यांना वाटायचं मला फक्त माझं नाव आणि वॉर्डांचे नंबर काढता येतात. मी शाळेत गेले नाही हे खरं, पण चादरींवर नंबर घालता घालता आणि वॉर्डांची नावं काढता काढता मी वाचायला शिकले होते. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण वाचता येत नाही असं समजलं की माणसं समोर काहीही ठेवतात आणि बोलतात. मी ती ओळ वाचली. नऊशे वाचलं. "मिळाले" हेही वाचलं. हात पदराला पुसले आणि सही केली. निवृत्तीला आठ महिने होते आणि तू माझ्याकडे होतीस. एवढंच कारण. दुसरं काही नाही, मोठं काही नाही.

माल दोन दिवसांत आला नाही, दोन महिन्यांत आला नाही. थंडी मात्र आली. मुलांच्या वॉर्डात मी खिडक्यांचे पडदे काढले आणि ते पांघरायला दिले. पडदे लांडे पडायचे. पोरं पाय पोटाशी घेऊन झोपायची. त्या थंडीत किती गेली ते मला विचारू नकोस. मला माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही, कारण थंडीने मेला असं कागदावर कुणी लिहीत नाही. न्यूमोनिया लिहितात.

मग पोलीस आले. मी त्यांना म्हटलं, मला वाचता येत नाही, कशावर सही केली कळलं नाही. त्यांनी तेच लिहून घेतलं. बिचारी अडाणी म्हातारी. सरकारी वकिलालाही तेच आवडतं. म्हणतो, आजी, असंच सांगा, जज्जबाईंना दया येईल.

मी असं सांगणार नाही. म्हणून तर मला तिथे उभं राहायचं आहे. त्याने खाल्लं हे तर जगाला माहीत आहे. पण तो एकटा कसा खाईल? त्याला ताट वाढायला माझ्यासारखी माणसं लागली. त्याच्या तोंडाची मला जितकी घाण वाटते तितकीच माझ्या त्या सहीची वाटते. त्याच्याबद्दल निदान शिव्या तरी देता येतात.

आता तुझं. मी तुला हुकूम सोडत नाही, तो हक्क मी त्या साबणातच घालवला. दुसरी रांगेत उभी आहे म्हणतेस ते खरं आहे. माझ्यामागेही एक उभी होती. पण माझ्या जागी ती असती तर मी आज नीट जेवले असते, एवढं नक्की.

भांडू नकोस. भाषण करू नकोस. डॉक्टरला शिकवायला जाऊ नकोस. कपाटातलं मशीन काढ, त्याच्या हाताला लाव, आणि काट्यावर जो आकडा दिसेल तो लिही. एक जास्त नाही, एक कमी नाही. करायचं नसेल तर नको करू, तरीही तू माझी नातच. फक्त मग मला त्या खोलीतलं काही लिहू नकोस.

आजी

१ मार्च

आजी,

पंचवीसपासून दहा दिवसांचा चार्ट सुरू झाला. मी मशीन काढलं. ते पलंगावर बसून फोनवर बोलत होते, पट्टा बांधला तेव्हा बघतच राहिले. "बाळ, आज हे काय?" म्हटलं, बीपी. एकशेबावीस, अठ्ठ्याहत्तर. मी पेनने लिहिलं, वेळ टाकली, सही केली. शेरा म्हणून जागा असते, तिथे लिहिलं, "पेशंट बसून फोनवर बोलत आहेत. दोन अंडी, टोस्ट, चहा घेतला. चक्कर नाही."

तासाभरात सगळे जमले. महाराज म्हणाले मशीन खराब आहे. दुसरं आणलं. एकशेचोवीस. मग तिसरं, मोठ्या डॉक्टरांचं स्वतःचं. त्यावर एकशेअठरा. रागाने लाल झाले होते तरी चढेना. आजी, तुला सांगते, इतकी उत्तम तब्येत मी सगळ्या हॉस्पिटलात कुणाची बघितली नाही. जनरल वॉर्डातल्या माझ्या बेचाळीस जणांत वाटली असती तर निम्मे घरी गेले असते.

पान फाडता येईना, पानांना नंबर आहेत आणि कोर्टाचं पत्र हॉस्पिटलात येऊन पडलंय. मोठे डॉक्टर म्हणाले, "खोड आणि दुरुस्त कर." मी म्हटलं, "सर, खोडलं तर शेजारी खोडणाऱ्याचं नाव आणि वेळ लागते. तुम्ही खोडा, मी जागा सोडलीय." त्यांनी पेन उघडलं. मेट्रनबाईंकडे बघितलं. मेट्रनबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. वकील तिथेच होता, तो म्हणाला, "मी तर बाहेरचा." महाराज म्हणाले, "कुणीतरी करा ना!" खोलीत सात माणसं होती, आजी. सगळी माझ्यापेक्षा मोठी, शिकलेली. पण स्वतःचं नाव टाकायला एकही तयार नव्हता. डॉक्टरांनी पेन बंद केलं. तोपर्यंत मला त्यांची भीती वाटायची. त्या वेळी नुसती शिसारी आली.

मला दुसऱ्याच दिवशी तिथून काढलं. मोठे डॉक्टर रजेवर गेले. नवीन मुलगी आली, रांगेतली. मी जिन्यात तिला गाठलं आणि फक्त एवढंच सांगितलं की हे पान कोर्टात मोठ्याने वाचलं जातं, सहीसकट. तिचेही आकडे खरे येतायत असं ऐकलं. तिनेही कुणाचीतरी वाचलेली असतील पत्रं.

माझं कंत्राट वाढवणार नाहीत, तोंडी कळवलंय. लेखी मागितलं तर म्हणाले, लेखी कशाला?

आजी, तुझं ते पत्र मी चारदा वाचलं. तू ते कोर्टात सांगू नकोस ना. त्याला पकडायला तुझी गरज नाही आता. सरकारी वकील म्हणतो तसं सांग, वाचता येत नव्हतं म्हण. कुणाला कळणार आहे?

झिपरी

१२ मार्च

झिपरे,

कुणाला कळणार आहे, हे तू लिहितेस? तेही एक मार्चला, पंचवीस तारखेनंतर? असो. भीती माणसाला मधूनमधून येते, तुला माझ्यासाठी आली म्हणून माफ.

तो आला. पोलिसांच्या गाडीतून उतरला तेव्हा चालत होता, मी खिडकीतून बघितलं. व्हरांड्यात चाकांच्या खुर्चीत बसला. दारातून आत आला तेव्हा मान एका बाजूला पडली होती. तीस पावलांत तीन रोग. मागे एक माणूस सलाईनची बाटली धरून, पण नळी खिशात गेली होती. जज्जबाईंनी तुझ्या तक्त्याचं पान उचललं आणि मोठ्याने वाचलं, "दोन अंडी, टोस्ट, चहा." कोर्टात मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मान सरळ झाली.

मग माझा पुकारा झाला. गुडघा दुखत होता, पण पिंजऱ्याला कठडा आहे. सरकारी वकिलाने विचारलं, माल आला होता का? नाही. एकही पांघरूण? एकही नाही. माझ्या हातून नंबर पडल्याशिवाय कापड वॉर्डात जात नव्हतं, आणि मी नंबर घातला नाही. तो खूश होऊन बसला. मग गुळगुळीत उठला. त्याने रजिस्टर माझ्यासमोर धरलं.

"ही सही तुमची?"

"माझी."

"तुम्हाला वाचता येत नाही, असं तुम्ही पोलिसांना सांगितलंय."

"सांगितलंय. ते खोटं आहे. मला वाचता येतं."

सरकारी वकील अर्धा उठला आणि परत बसला. गुळगुळीत हातातले कागद चाळायला लागला. त्याने अडाणी म्हातारीला गोंधळवायची तयारी केली होती. जज्जबाईंनी नाक पुसलं, रुमाल बाजूला ठेवला, आणि मला म्हणाल्या, "आजी, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? यात तुमच्यावरही येऊ शकतं." मी म्हटलं, "बाई, कळतंय म्हणूनच बोलतेय. मी वाचलं आणि सही केली. माल आला नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. पुढे मुलांना पडदे पांघरायला द्यावे लागले. आता लिहून घ्या." टाइप करणारी मुलगी थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली.

मी त्याच्याकडे बघितलं. सात वर्षं मला वाटायचं, हे ऐकताना त्याचं तोंड बघायचंय. बघितलं. झिपरे, काही नव्हतं त्यात. लाज नाही, राग नाही. तो घड्याळ बघत होता. त्या थंडीतली ती पोरं त्याच्या दृष्टीने उशीर करत होती. मला वाटलं होतं मी मोकळी होईन. तसं काही झालं नाही, फक्त तोंडाची चव गेली.

जाताना त्याला खुर्चीतून ढकलत नेलं, माझ्या शेजारून. हात जोडून म्हणाला, "आजी, तब्येतीला जपा." मी म्हटलं, "तुम्ही नका जपू. जरा झिजवा." मागून पोलीस खोकला. तो खोकला होता की दुसरं काही, कोण जाणे.

आता पुढचं. त्याचा वकील वरच्या कोर्टात गेलाय, ते जाणारच. पण माझं बोलणं कागदावर आलंय आणि माझ्या मरणाने ते आता पुसलं जाणार नाही. आणि गुळगुळीतने दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला की या बाईने स्वतः गुन्हा कबूल केलाय, तिलाही आरोपी करा. जज्जबाईंनी अर्ज मान्य केला. करायलाच हवा होता, तो माणूस कितीही नालायक असला तरी अर्ज बरोबर होता. तेव्हा तो, त्याची चार माणसं आणि आता तुझी आजी, आरोपी नंबर सहा. तुझा काका माझ्याशी बोलत नाही. घरात किती शांत वाटतंय म्हणून सांगू.

तुझं सामान बांध आणि ये. इथल्या हॉस्पिटलात नर्सची जागा आहे, मी काल जाऊन विचारून आले. कंत्राटच आहे. बेचाळीसऐवजी साठ पेशंट.

मला सरकारने एक वकील दिलीय. पोरगीच आहे, तुझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी, काळा कोट खांद्यावरून घसरतो. काल घरी आली. बिचारी भल्यासाठीच बोलली. म्हणाली, "आजी, तुमचं वय आहे, दर तारखेला यायची काही गरज नाही. मी तब्येतीचं सर्टिफिकेट लावते. काय लिहू? रक्तदाब? गुडघे? विसरायला होतं?" दुकानात रंग दाखवावेत तसे एकेक रोग माझ्यापुढे ठेवत होती.

मी तिला म्हटलं, "लिही, आरोपी ठणठणीत आहे, आणि अकराच्या ठोक्याला हजर राहील."

आजी